न वाचलेल्या पुस्तकाचा अभिप्राय

चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासतो. गिऱ्हाईक नसलं की माझ्या हातात पुस्तक असतं, म्हणून दुकानात सगळे मला पंडित म्हणतात. त्या वर्षी आमच्या वाचनालयाने वर्षात पन्नास पुस्तकं वाचण्याचा संकल्प जाहीर केला. पुस्तक संपलं की कार्डावर चार ओळींचा अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचं आणि दाराजवळच्या फळ्यावर टाचायचं. मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं आणि दुकानभर सांगत सुटलो.

सुरुवातीची कार्डं खरी होती. दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणींवर मी लिहिलं, 'समुद्र सुंदर, माणूस कंटाळवाणा. पण शेवटच्या तीस पानांत तो बायकोबद्दल बोलायला लागतो आणि आपण त्याला आधीचं सगळं माफ करतो.' मधमाश्यांवरच्या पुस्तकाबद्दल लिहिलं, 'लेखकाला मधमाश्या कळतात, वाक्य कुठे थांबवायचं ते कळत नाही.' लोक फळ्यापाशी थांबून वाचायचे, हसायचे. ग्रंथपाल बाई एकदा म्हणाल्या की काहीजण पुस्तक न्यायच्या आधी माझं कार्ड शोधतात. ते ऐकून मी हवेत तरंगायला लागलो.

ऑगस्टअखेर माझी चोवीस पुस्तकं झाली होती आणि पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंची सदतीस. मला ते सोसेना. एका पुस्तकाची मी सुरुवात आणि शेवट वाचला, मधलं गाळलं आणि कार्ड टाचलं. कोणाला काही कळलं नाही. पुढच्याचा नुसता शेवट वाचला. असं करत करत एक लहानसं पुस्तक हाती आलं, मुखपृष्ठावर बागेतला बाक असलेलं. ते मी उघडलंही नाही. मागच्या मजकुरात 'जगण्यावर प्रेम करायला शिकवणारी कादंबरी' असं होतं, तेवढ्या भांडवलावर लिहिलं, 'मन प्रसन्न करणारी गोष्ट. घरात कोणी आजारी असेल तर उशाशी बसून वाचून दाखवा.' दुसऱ्या वाक्यावर तर मी बेहद्द खूश होतो.

आमच्या दुकानात मागच्या खोलीत एक ताई काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ते घरीच होते, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नजरही अधू झालेली, म्हणून संध्याकाळी ताई त्यांना वाचून दाखवायच्या.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. फळ्यावरचं माझं कार्ड वाचून त्यांनी ते बाकाचं पुस्तक नेलं होतं.

"पुढे काही चांगलं होतं का हो?" त्यांनी विचारलं. "आम्ही नव्वदाव्या पानावर थांबलोय."

"वाचत राहा," मी म्हणालो. "शेवट गोड आहे."

लोण्यातून सुरी जावी तसं ते तोंडातून निघून गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्या डबा उघडायला गेल्या. मी माझा डबा तसाच झाकून ठेवला. रविवारी सकाळी मी पुस्तकांच्या दुकानातून त्याची प्रत विकत आणली आणि एका बैठकीत वाचून काढली.

त्यात एक आजारी नवरा होता. तो जगणार नाही असं डॉक्टर त्याच्या बायकोला एकटीला गाठून सांगतात. तिला ते तोंडाने बोलवत नाही, म्हणून ती त्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवते आणि गोष्टींतूनच निरोप घेत जाते. नव्वदाव्या पानावर त्याच्या ते लक्षात येतं. शेवटी बाकावर ती एकटी बसलेली असते. त्या वर्षातलं ते सगळ्यात चांगलं पुस्तक होतं, आणि मी त्याला मन प्रसन्न करणारं म्हटलं होतं.

सोमवारी ताई कामावर आल्या नाहीत. मंगळवारी आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. रविवारी त्यांनी पुस्तक संपवलं होतं. ऐकून झाल्यावर यजमान म्हणाले होते, डॉक्टरांनी जे काही सांगितलं ते सरळ सांगायचं होतंस. डॉक्टर तसं काही बोलले नव्हते. ताईंनी शपथा घेतल्या, पण बायकोने हे पुस्तक मुद्दामच निवडलं असं यजमानांना वाटत राहिलं. भिंतीकडे तोंड करून ते झोपले आणि सोमवारच्या डायलिसिसला गेलेच नाहीत.

ताईंनी मला दोष दिला नाही. चूक आपल्याच समजण्यात झाली असावी अशा सुरात त्यांनी विचारलं, "तुम्हाला तो शेवट गोड कसा वाटला?"

"ताई, मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं."

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. मग फडक्याला हात पुसले.

"हे मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "घरी चला."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. यजमानांनी मान वळवली नाही. मी पलंगापाशी उभा राहूनच सगळं सांगितलं.

"किती पानं वाचली होतीत?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"एकही नाही. मागचा मजकूर वाचला."

"आणि गुरुवारी हिला सांगितलंत ते?"

"तेही खोटं."

मग सावकाश कूस वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी लोकांचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं. त्यातलं निम्मं टुकार होतं. पण न वाचता सही केली नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांनी माझ्यावरची नजर काढून ताईंकडे वळवली.

"म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?"

"माहीत असायला काही होतंच कुठे?" ताई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"मग गाडी बोलाव. कालचा दिवस फुकट गेलाय."

जिना उतरताना मी त्यांची पिशवी घेतली होती. खालच्या पायरीवर त्यांनी ती काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतली.

त्या संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन पुस्तक पुरतं न वाचता लिहिलेली माझी नऊ कार्डं फळ्यावरून उतरवली. ग्रंथपाल बाईंना कारण सांगितलं. त्यांनी कोरं कार्ड पुढे केलं आणि म्हणाल्या, हेच लिहून लावा. मी लिहिलं आणि खाली नाव घातलं. पोस्टातल्या बाई तेव्हा पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

यजमान पूर्वीसारखे तीनदा डायलिसिसला जातात. ताई माझ्याशी कामापुरतं बोलतात, आवाज न चढवता, आणि यजमानांना रोज काहीतरी वाचून दाखवतात. काय वाचतात ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.