काझिककाकांच्या गळ्यातली शेवंती

अरे ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर काहीतरी राहून जाईल. डेव्हन अॅव्हेन्यूच्या मागे ती जिम आहे ना, तिथे आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या पोरांना एक पोलिश आजोबा बास्केटबॉल शिकवतात. काझिक. आम्ही काझिककाका म्हणतो. तरुणपणी ते पोलंडमध्ये यास्कुव्का नावाच्या क्लबकडून खेळायचे. कापडगिरणीचा क्लब. गिरणी बंद पडली, क्लबही गेला, कप-बिप सगळं कुणीतरी भंगारात घातलं. उरला टीमचा एक फोटो, तो त्यांनी जिममध्ये टांगलाय, आणि दोन माणसं. काका आणि त्यांचा कॅप्टन स्टेफन. तोही इथेच, शिकागोत. काकांना मॅचेस आठवतात, स्टेफनला माणसं. म्हणजे यार, अख्खा क्लब त्या दोघांच्या डोक्यात.

तर माझा रूममेट शार्दूल म्हणाला, हे सगळं रेकॉर्ड करू, आणि आधी जिममध्येच काकांचा सत्कार करू. नेमकं सत्काराच्याच सकाळी स्टेफनला हार्टच्या ऑपरेशनला नेलं. आम्ही म्हटलं, कॅन्सल करू. काका म्हणाले, घरी बसून फोनकडेच बघणार, त्यापेक्षा येतो.

आले. फोन हातात. शार्दूलने शाल घातली, नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते त्यांना कळेना, पोरं हसली. मग आमच्या बिल्डिंगमधल्या मृणालिनी मावशींनी स्वतः गुंफलेला शेवंतीचा हार घातला. पांढरीशुभ्र, टपोरी शेवंती. आम्ही टाळ्या वाजवतोय, आणि काका पांढरेफटक. खालीच बसले. हळूच विचारलं,

"कधी गेला?"

कोण गेला? आम्हाला काही कळेचना.

"स्टेफन. तुम्हाला आधी कळलं ना?"

त्यांच्याकडे शेवंती कबरीवर वाहतात, यार. आनंदाच्या प्रसंगी कुणी आणतच नाही. मावशी रडायलाच लागल्या. "अहो, माझ्या लग्नात वेणी होती हो शेवंतीची." आणि हे त्यांना मराठीत सांगतायत. मी ट्रान्सलेट करतोय, सॉरी म्हणतोय, आणि काका स्टेफनच्या मुलीला फोन लावतायत. उचलेना. परत लावला. पोरांनी बॉल आपटणंसुद्धा थांबवलं.

शेवटी तिचा मेसेज आला. ऑपरेशन झालंय, अजून शुद्धीवर नाही.

मावशी हार फेकायला निघाल्या, तर काकांनी तो मागून घेतला आणि फोटोला घातला. मग किती वेळ सरकवत राहिले. कोपऱ्यातले दोन चेहरे फुलांबाहेर राहतील असा. बाकी सगळी टीम फुलांखाली.

शार्दूल रेकॉर्डिंग बंद करत होता. काका म्हणाले, चालू ठेव. आणि बोलले, खूप बोलले. हॉल इतका थंड की खेळाडू हातमोजे घालून वॉर्म-अप करायचे, शिफ्ट सुटली की गिरणीतल्या बायका थेट मॅचला यायच्या. शेवटच्या मॅचपर्यंत आले आणि थांबले. मी विचारलं, जिंकलात की हरलात?

"ते कॅप्टन सांगेल."

रेकॉर्डिंग तिथेच थांबलंय, माझ्या फोनवर. स्टेफनने काल डोळे उघडले, पण घशात नळी आहे, बोलता येत नाही. काका रोज जाऊन त्याच्याजवळ बसतात. मावशी विचारत होत्या, काय पाठवू? मी म्हटलं, फुलं सोडून काहीही.