आठ विती

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी हुशार हवी होती. देवाने दिलीही तशी, पण मग शाळा आडवी आली.

आमची भिंगरी दुसरीत. गृहपाठ होता: घरातलं जेवणाचं टेबल आपल्या हाताने मोजा आणि किती विती भरतं ते लिहा. पोरीने भांडी हटवली, खुर्चीवर गुडघे टेकले आणि जीभ बाहेर काढून मोजलं. अकरा. उलट्या बाजूने मोजलं, तरी अकराच. तेच तिने लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भली मोठी लाल फुली घेऊन आली. पुस्तकातल्या चित्रात टेबल आठ विती होतं. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी आठच लिहिलं होतं. म्हणजे झाडून सगळ्यांच्या घरी एकाच मापाची टेबलं!

पालकसभेला मी मुद्दाम बहिणीबरोबर गेले.

"मोजमाप कच्चं आहे हिचं," बाई म्हणाल्या.

"अहो, पण टेबल आमचं, हात तिचा. पुस्तकाला काय कळणार?" मी म्हटलं.

बाईंनी माझी कीव केली. "प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, तर मी तपासू कशाशी?"

मी तोंड उघडणार तोच बहिणीने मला चिमटा काढला आणि "घरी करून घेते हं, बाई," असं गोड आवाजात सांगून टाकलं. एरवी ही भाजीवाल्याच्या तराजूवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

घरी तिने पोरीला पुन्हा खुर्चीवर चढवलं. अकरा आले. "नीट मोज." मग दहा. "बोटं ताण जरा." पोर रडवेली झाली.

"मावशी, तू बघ ना. अकराच येतात ना गं?"

"अकराच," मी म्हटलं.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. मार्क तुझे जाणार नाहीयेत," बहीण कडाडली.

शेवटी आईच्या चेहऱ्याकडे बघत, मधली जागा सोडत, भिंगरीने एकदाचे आठ आणले. आईने तिला जवळ घेऊन पापे घेतले. "बघ, आलं की नाही!" मला तर ते बघवेना.

पुढच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले. बहिणीने सगळ्या गोतावळ्याला फोन केले. मुलीचा पाया पक्का झाला म्हणे. अशा पायावर कोंबड्यांचं खुराडंही उभं राहायचं नाही, पण ऐकतंय कोण?

परवा भिंगरीचं पोट दुखायला लागलं. पोर नुसती कळवळत होती. डॉक्टरांनी तिला झोपवलं आणि पोट हलकेच दाबत विचारलं, "इथे दुखतंय? की इथे?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर खिळलेली. मग मान वळवून तिने आईला हळूच विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

डॉक्टरांचा हात थांबला.

"सांग ना गं," माझी बहीण घाईघाईने म्हणाली, "तुला येतं."