जोवेलिनची तोंडी परीक्षा

जोवेलिन चौथीत माझ्या वर्गात आली तेव्हा तिला एक ओळही धड वाचता येत नव्हती. वाचायला उभी केली की ती खाली मान घालून नखं कुरतडायची. मी तिला आळशी म्हणायचे, तेही सगळ्या वर्गासमोर.

तिची आई मर्लिंडा आमच्या गिमारास बेटाच्या धक्क्यावर सुकी मासळी विकायची. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती लेकीचा हात धरून वर्गात आली.

"मॅडम, पोरगी मठ्ठ नाहीये. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणते."

"मग घरी सराव घ्या की."

"मला कुठं वाचता येतंय? तुम्हीच प्रश्न वाचा, तिला तोंडी सांगू दे. नाही जमलं तर परत तोंड दाखवणार नाही."

एकदाची ही कटकट मिटावी म्हणून मी विज्ञानाचा पेपर काढला. जोवेलिन धडाधड उत्तरं देत गेली. मग मी विचारलं, "कोणता मासा पिलांना दूध पाजतो?"

"कुठलाच नाही, मॅडम."

"डॉल्फिन," मी म्हणाले.

"तो मासा नाही. श्वास घ्यायला वर येतो. बाबांच्या होडीतून बघितलंय मी."

तीन वर्षं मी तोच प्रश्न देत होते. एकाही मुलानं चूक काढली नव्हती.

सोमवारी मी वर्गासमोर तिची माफी मागितली. मग तिच्या तपासणीचा आणि तोंडी परीक्षेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "एकीसाठी वेगळं केलं तर उद्या दहा जणी येतील."

"येऊ देत ना, सर. आत्ता त्या कुठे बसल्यात, तेही आपल्याला माहीत नाही."

शेवटी त्यांनी अर्जावर सही केली. वरून उत्तर येईना, तेव्हा मी आणि मर्लिंडा होडीनं पलीकडच्या इलोइलो शहरातल्या शिक्षण कार्यालयात गेलो. एकदा नव्हे, चारदा. चौथ्या खेपेला तिथल्या बाई मर्लिंडाला म्हणाल्या, "तुम्ही काही पिच्छा सोडणार नाही."

"नाही," मर्लिंडा म्हणाली आणि बाकावर ऐसपैस बसली.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. जोवेलिनला डिस्लेक्सिया निघाला. तोंडी परीक्षेची परवानगी मिळाली आणि दर मंगळवारी पलीकडून एक प्रशिक्षित शिक्षिका येऊ लागली. तिच्यापुढे आता पाच मुलं बसतात. त्यातली दोन माझ्याच वर्गातली, ज्यांना मी निव्वळ खोडकर समजत होते.

जोवेलिन पाचवीत गेली. अजून ओळीखाली बोट ठेवून, अडखळतच वाचते. पण वाचायला आता स्वतःहून उभी राहते.