डोंगराच्या कोरड्या बाजूला

"तुमच्याकडे धुकं पडलंय का हो, बाई?" जिल्हा हवामान कचेरीतल्या साहेबांनी फोनवर विचारलं.

बस सुटायच्या बेतात होती. खिडकीबाहेर नुसता फुफाटा उडत होता.

"नाही साहेब. का?"

"मिस्टरांनी सकाळी दोन्ही तापमापकांचे पारे सारखे कळवलेत. म्हणजे हवा पाण्याने गच्च. तुमच्या बाजूला? दुपारची नोंद तुम्ही स्वतः घ्या. नाहीतर हवामान केंद्र दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

केंद्र म्हणजे तिचा पगार आणि डोक्यावरचं छप्पर.

तिने घरी फोन लावला.

"अगं, नीट पाहिलं मी," नवरा म्हणाला. "दोन्ही पारे अगदी जुळ्या भावांसारखे. म्हटलं, बरंच आहे की."

"वाटीत पाणी घातलंत?"

"कुठली वाटी?"

एका पाऱ्याला मलमलीची पट्टी असते, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. पट्टी ओली असली की तो पारा उतरतो. कोरडी पडली की दोन्ही सारखेच. आठवडाभर शिकवलं होतं त्याला. पण तो भला माणूस, 'हो हो' म्हणून मोकळा होणारा.

"ताई, उतरताय की फोनवरच घाट चढताय?" ती दाराशी येऊन थांबलेली पाहून कंडक्टरने हाक मारली.

ती पिशवी घेऊन उतरली. डोंगरापलीकडे जाणारी दुसरी बस उद्याच होती.

ढग त्या डोंगरापर्यंत यायचे आणि सगळं पाणी पलीकडच्या उतारावर ओतून रिकामे व्हायचे. तिकडे भिंतींवर शेवाळ, इकडे भेगा. माहेर तिकडे. बदली माणूस मिळत नाही म्हणून दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. आणि आता आईने अन्न सोडलं होतं.

घराच्या अंगणातल्या, पारे ठेवलेल्या जाळीच्या पेटीशी ती पोचली, तेवढ्यात भावाचा फोन आला.

"निघालीस ना? सारखी विचारतेय."

"निघालेय दादा. सांग तिला."

"लवकर ये. इथे झड लागलीय नुसती."

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "चहा टाकू?" एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. वाटी भरली, पट्टी भिजवली. पारा हळूहळू उतरू लागला. जवळ श्वास लागला तर आकडा चुकतो, म्हणून तिने तोंड डोंगराकडे फिरवलं आणि पारा थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.