गेटवरचं नाव

आमच्या स्टेडियमचं नाव शर्मिष्ठा स्टेडियम. बाहेरगावचे खेळाडू विचारतात, ही पुराणातली का? नाही हो, इथल्याच, रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातली. मीच ती. आणि फुटबॉल कशाशी खातात, हे मला आजही ठाऊक नाही.

खरं तर नाव लागायचं होतं बाबांचं, गंगाधर. रेल्वेतली ड्यूटी संपली की गळ्यात शिटी अडकवून ते मोहल्ल्यातल्या पोरांना मैदानावर पळवायचे. उभी हयात त्यात गेली. रायपूर राजधानी झालं, गावभर नव्या पाट्या लागल्या, आमच्या मैदानालाही पायऱ्या आणि गेट मिळालं. समितीने 'गंगाधर स्टेडियम' असा कापडी फलक टांगलासुद्धा. "मले काय करायचं नाव!" म्हणत बाबांनी गोल बाजारातून नव्या कुडत्याचं कापड आणलं.

घोडं अडलं आईपाशी. ती रोज संध्याकाळी रिक्षाने त्यांना चहा घेऊन जायची. आधी नुसतं 'मैदान' म्हटलं तरी चालायचं, आता रिक्षावाले नाव विचारू लागले; आणि नवऱ्याचं नाव तर तिने जन्मात घेतलेलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यातही नुसती हसून मोकळी झाली होती. एकदा 'रेल्वेवालं मैदान' म्हणाली, तर रिक्षावाल्याने तिला भलतीकडेच सोडलं.

"आता मी नाही जात," तिने सांगून टाकलं.

चहा बंद झाला. बाबा काही दिवस टपरीचा चहा पिऊन वाकड्या तोंडाने घरी आले. मग स्वतःच समितीकडे गेले. "माह्या पोट्टीचं नाव टाका. तिच्या मायले ते घेता येते."

कॉलेजात माझी काय थट्टा झाली, विचारू नका! मी बाबांवर जाम भडकले होते. पण एका दुपारी तो कापडी फलक नीट घडी करून कपाटात ठेवताना ते दिसले, आणि मला फार वाईट वाटलं.

उद्घाटनाला आई ऐटीत रिक्षात बसली. शेजारी मी.

"भैया, शर्मिष्ठा स्टेडियम."

"ये कहाँ है, दीदी?"

आईने गेट सांगितलं, पायऱ्या सांगितल्या. रिक्षा बूढा तलावाला वळसा घालून पुन्हा तिथेच. मी मुद्दाम गप्प बसले. कार्यक्रमाची वेळ टळत होती. आईचा पारा चढला.

"अरे भैया, गंगाधर का मैदान! गंगाधर का!"

आणि जीभ चावून तिने पदरात तोंड लपवलं.

"तो पहले बोलना था ना," रिक्षावाला म्हणाला.

पोचलो तेव्हा भाषण सुरू झालं होतं. बाबा नव्या कुडत्यात माझ्या नावाखाली उभे, जरा हिरमुसलेलेच. मी कानाशी जाऊन सांगितलं, "बाबा, आईनं तुमचं नाव घेतलं. दोनदा."

त्यांनी आईकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण उघडत होती.

"काहून असे पाहून राहिले?" ती म्हणाली.

बाबांनी शिटी तोंडात धरली आणि अशी वाजवली, की पाहुण्यांचं भाषण थांबलं.