टाकून दिलेल्या पुंगळ्या

"अगं अर्डिस, हे काय भाजत ठेवलंयस तू?"

व्हेल्माने ओव्हनचं दार उघडलं होतं ते कालचे दालचिनीचे रोल गरम करायला. आत रोलांच्याच थाळीत रायफलीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पसरलेल्या होत्या, धुतलेल्या, पिवळ्याधमक.

"भाजत नाहीये, वन्सं, वाळवतेय. दार लावा, ऊब जाते."

"ऊब जाते म्हणे! माझ्या आईची थाळी आहे ती."

"आईंची आहे म्हणूनच घेतली. दुसरी वाकडी आहे, पुंगळ्या गडगडतात."

व्हेल्मा ही अर्डिसच्या नवऱ्याची, ऑरिनची, थोरली बहीण. ऑरिन जाऊन चार वर्षं झाली होती, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर 'पंधरा दिवस' म्हणून आलेली व्हेल्मा तीन वर्षं इथेच होती. दोघींचं दिवसातून चार वेळा वाजायचं, आणि वाजल्याशिवाय दोघींना अन्न गोड लागत नसे.

अर्डिस ब्रेके एकतीस वर्षं गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. ब्रिस्को फ्लॅट या त्या गावात चाळिशीच्या आतबाहेरचं एक माणूस दाखवा, ज्याने तिच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा रोल खाल्ला नाही! गावच्या नेमबाजी क्लबातही तिची ओळख तीच. वार्षिक सामन्याच्या दिवशी चिलीच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभी असणारी बाई. ऑरिन त्या सामन्यात तेवीस वर्षं उतरला. चारदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. जिंकणाऱ्याचं नाव क्लबातल्या लाकडी फळीवर तापल्या सळईने उमटवत आणि तो मग क्लबातर्फे राज्याच्या सामन्याला जाई. त्या फळीकडे बघत ऑरिन टोपी हातात धरून उभा राहायचा, ते अर्डिसला अजून आठवे.

तो गेल्यावर तिने त्याची रायफल उचलली. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या, लहान मूल बापाचे बूट घालून घरभर हिंडलं की डोलावतात तशा. आता तिला सदुसष्टावं लागलं होतं. उजव्या खांद्याची झीज झाली होती आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, या उन्हाळ्यानंतर रायफलीचा धक्का बंद. म्हणजे तिकडचा उन्हाळा संपता संपता, सप्टेंबरात होणारा सामना हा तिचा शेवटचा. जिंकायचं तर यंदाच.

आणि जिंकायचं तर काडतुसं चांगली हवीत. ती तिथे सगळे घरीच भरतात. पुंगळी एकदा उडवली की फेकायची नसते. धुवायची, तपासायची, पुन्हा मापात आणायची, मग बुडात ठिणगीची नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. नव्याकोऱ्या पुंगळ्या दुकानात महिनोन्महिने येत नव्हत्या, आणि आल्या तर ड्वाइट सॉर्लीसारख्यांच्या घरी जात होत्या.

हा ड्वाइट शेतीला पाणी देणारी यंत्रं विकायचा. सहा वर्षं सलग त्याचंच नाव फळीवर. माणूस वाईट नव्हे, पण यश डोक्यात जरा लवकर गेलं होतं. एप्रिलमध्ये सरावाला त्याच्या दोन पुंगळ्यांच्या माना, म्हणजे गोळी बसते ती निमुळती तोंडं, चिरल्या, तर त्याने पाचशेची अख्खी खेपच बाद केली आणि बादली कचऱ्याच्या पिंपाशी आणून ठेवली.

त्या मैदानाची एक रीत आहे. दुसऱ्याच्या पुंगळीला न विचारता हात लावायचा नाही. मग ती गवतात पडलेली असो की पिंपाशी. तसं करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. म्हणून अर्डिसने विचारलं, "ड्वाइट, तुला हव्यात का रे या पुंगळ्या?"

"घ्या, काकू, घ्या!" ड्वाइट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मेल्यात त्या. भंगारात घाला, नाहीतर वितळवून चिलीला नवा डाव करा."

सगळे हसले. अर्डिसही हसली, तिथे रडून दाखवायचं होतं का? बादली मात्र तिने स्वतः उचलून गाडीत ठेवली, दुखऱ्या खांद्याने. रायफली दोघांच्या एकाच मापाच्या होत्या. आपल्या पुंगळ्या ओळखू याव्यात म्हणून ड्वाइटने प्रत्येकीच्या बुडाच्या काठावर कानशीने एक बारीक खाच पाडलेली होती. खाचेने नेम बिघडत नाही.

आता पुंगळ्या वाळल्या तशा अर्डिसने त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतल्या आणि केसांतला एक आकडा काढून सरळ केला. त्याचं टोक जरासं वाकवलं. मग एकेक पुंगळी घेऊन आकडा आत घालायचा आणि बुडाजवळच्या भिंतीवरून हळूच वर ओढायचा, डोळे मिटून. गुळगुळीत लागली की उजवीकडे. अशा ऐंशी झाल्या असतील. एक्याऐंशीव्या पुंगळीत आकडा कशाला तरी अडला, इतकासाच. तिने पुन्हा ओढला. पुन्हा अडला. तिने पक्कड घेतली आणि ती पुंगळी चेपून टाकली.

"अगं, ती तर चांगली दिसत होती!" व्हेल्मा म्हणाली. ती रोल खात समोरच बसली होती.

"दिसतात सगळ्याच चांगल्या. आतून झिजून गोल चर पडलाय हिला. अजून एकदा उडवली की दोन तुकडे, तेही माझ्या तोंडाशी."

"ऑरिन नाही बाई असलं काही करायचा."

"नाही ना करायचा," अर्डिस म्हणाली.

तिचा हात थांबला. जे तिने तेवीस वर्षं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते आता नणंदेसमोर तोंडातून निघालं. "वन्सं, ऑरिनची नजर ड्वाइटपेक्षा चांगली होती. खरंच होती. पण पुंगळ्यांना त्याने कधी वेळ दिला नाही. धुतल्या की भरल्या. एक घट्ट, एक सैल. मला दिसत होतं, पण त्याच्या टेबलापाशी जाऊन कोण बोलणार? मी आपली रोल करत बसले."

व्हेल्माने तोंडातला घास गिळला. भावाची बाजू घ्यायला तिची जीभ नेहमी तयार असे, पण या वेळी ती उठली, पडदे ओढून घेतले आणि म्हणाली, "ती आग कधी पेटवणार आहेस? काळोख लागतो ना तुला?"

ड्वाइटची चूक कुठे झाली ते अर्डिसने त्या चिरलेल्या माना बघूनच ओळखलं होतं. गोळी झाडली की दर वेळी पितळ थोडं ताठत जातं. ते मेलेलं नसतं. त्याला ताव देऊन पुन्हा नरम करायचं असतं. पण फक्त मान. बूड नरम झालं तर जिवाशी खेळ. म्हणून तिने केकच्या भांड्यात पाणी घेतलं, पुंगळ्यांची बुडं पाण्यात राहतील अशा त्या उभ्या केल्या आणि छोट्या गॅसबत्तीची ज्योत एकेकीच्या मानेवर धरली. अंधारात पितळाचा रंग बदलतो, तो क्षण धरायचा आणि पुंगळी पाण्यात आडवी करायची. चुर्र! एकतीस वर्षं जिने दोनशे पोरांसाठी साखरेचा पाक केला, तिला हा क्षण कोणी शिकवावा? पाक काळा पडायच्या आधी एका नि:श्वासाइतका वेळ असतो, तेवढाच इथे.

"झाली," अर्डिस म्हणायची. चुर्र. "झाली." चुर्र. व्हेल्मा आडव्या झालेल्या पुंगळ्या चिमट्याने उचलून फडक्यावर मांडत राहिली आणि तासभर एकदाही भांडली नाही. पुढचे पंधरा दिवस मापात आणणं, लांबी छाटणं, बुडातली खोबण साफ करणं चाललं होतं. पाचशेपैकी एकशेदहा अर्डिसने चेपून टाकल्या. उरलेल्यांतल्या वीस तिने सुनेसारख्या पारखून निवडल्या.

सामन्याच्या दिवशी वारा असा होता की टोप्या डोक्यावर ठरेनात. पातेल्यामागे यंदा व्हेल्मा होती. मीठ जास्त झालं होतं आणि कोणाची बोलायची छाती नव्हती. प्रत्येकाला वीस बार, सहाशे यार्डांवर, दोनशेपैकी गुण. ड्वाइटने सकाळीच एकशे चौऱ्याण्णव करून ठेवले होते आणि हातात वाटी घेऊन तो निवांत बसला होता.

"काकू," तो म्हणाला, "खांदा सांभाळून हं. रोल लाटायला लागतो तो."

"रोल वन्सं लाटतायत आजकाल," अर्डिस म्हणाली आणि चटईवर पालथी पडली.

पहिला बार नऊ. मग दहा, दहा, दहा. बार झाला की ती पुंगळी मागे न बघता गवतात उडवून देत होती. दहाव्या बारापर्यंत खांदा ठणकायला लागला. पंधराव्याला मागची कुजबुज थांबली. लांब तिकडे खंदकात बसलेली माणसं दर बारानंतर नेमाची पाटी खाली ओढत, भोकात पांढरी चकती खोचत आणि वर करत, आणि चकती पुन्हा पुन्हा मधोमध दिसत होती. मैदानाचा पंच, म्हातारा हॉलिस, गुण पुकारताना हळूहळू उभाच राहिला.

एकोणीस बारांना एकशे शहाऐंशी. शेवटच्याला नऊ हवे. आठ आले तर बरोबरी. आणि नेमका तेव्हाच वारा पिसाळला. वारा दाखवायला मैदानात लावलेले झेंडे आडवे झाले.

अर्डिसने बोट चापावरून काढलं आणि वाट बघत राहिली.

"दोन मिनिटं उरली," हॉलिस म्हणाला.

ती हलली नाही. व्हेल्मा डाव हातात घेऊन पातेलं सोडून पुढे आली होती.

"एक मिनिट, अर्डिस."

"तिला कळतं घड्याळ!" व्हेल्मा खेकसली. "गप्प बस!"

जवळचा झेंडा खाली आला. मग मधला. सगळ्यात लांबचा एकदा फडफडला आणि लोंबला. एका नि:श्वासाइतका वेळ. अर्डिसने बार काढला.

पाटी खाली गेली. वर यायला इतका वेळ का लागतो, असं त्या मैदानात त्या दिवशी पन्नास माणसांना एकदम वाटलं. मग ती वर आली, आणि चकती मधोमध होती.

"दहा!" हॉलिस ओरडला. पंचाने ओरडायचं नसतं. "एकशे शहाण्णव!"

व्हेल्माने डाव आभाळात उडवला. ती आधी हसली, मग मोठ्याने रडली, "ऑरिन, बघतोयस का रे गाढवा," असं म्हणत. अर्डिसला तीन माणसांनी उठवलं. खांदा पेटला होता आणि तिला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. सळई तापवायला कोणीतरी धावलंसुद्धा.

ड्वाइट आला, हात पुढे केला. हात सरळ मनाने केलेला होता. "काकू, मानलं तुम्हाला. पुंगळ्या कुठल्या वापरल्यात हो?"

"तुझ्या पायाशी आहे एक. बघ की."

त्याने वाकून गवतातली पुंगळी उचलली. अजून कोमट होती. तिचं बूड उन्हाकडे केलं, अंगठा काठावरून फिरवला आणि तो थांबला. अंगठा परत मागे आणला. खाच तिथेच होती. आजूबाजूच्यांनी पाहिलं, आणि एप्रिलमध्ये जे हसले होते ते आता आपापल्या बुटांकडे बघू लागले.

अर्डिसने रीतीप्रमाणे विचारलं, आवाज न चढवता, "ड्वाइट, तुला हव्यात का रे या पुंगळ्या?"

त्याचे कान लाल झाले. शाळेत रोल चोरताना सापडला होता तेव्हा झाले होते तसेच.

"नको, काकू," तो म्हणाला. "तुमच्या आहेत त्या."

मग सहा वर्षं सलग जिंकलेल्या त्या माणसाने टोपी काढली, गवतात गुडघे टेकले आणि एकेक पुंगळी वेचून टोपीत टाकायला सुरुवात केली. व्हेल्माने अर्डिसच्या हातात चिलीची वाटी आणि रोल आणून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच अर्डिस सामन्याच्या दिवशी बसून जेवत होती. चिली खारट होती. तिने ती चाटूनपुसून खाल्ली. क्लबातून जळत्या लाकडाचा वास येऊ लागला.

ड्वाइटने टोपीतल्या पुंगळ्या मोजल्या. आधी उचललेली धरून एकोणीसच होत्या.

"राहू दे रे एक," अर्डिस म्हणाली.

"थांबा, असेल इथेच," तो म्हणाला आणि पुन्हा हातांवर ओणवा होऊन गवत चाचपू लागला.