उन्हातली अंघोळ

माझ्या थोरलीला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी सरकारनं किमान मजुरी वाढवली. मी तेव्हा लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची. आम्ही नऊ जणी. वाटलं, आता हात जरा सैल होईल. पण मालक वस्ताद. त्यानं तासाचा दर वाढवला आणि तास दोन कमी केले. सहाऐवजी चारलाच सुट्टी, पगार होता तेवढाच.

"एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं," मुकादमीण म्हणाली. सगळ्या चिडल्या. मीही चिडले. पण घरी पोचले तर मागच्या दारी अजून ऊन होतं.

सासूबाईंना आपलं आपण उठता येत नव्हतं. पहाटे कामावर निघायच्या घाईत मी त्यांना कशीबशी अंघोळ घालायची, त्या कुडकुडायच्या. त्या दिवशी पाणी चांगलं कढत केलं आणि त्यांना उन्हात बसवलं.

"आज लवकर? मालक मेला की काय?"

"मेला नाही. दोन तास देऊन बसलाय."

"मग पाठ नीट चोळ. रोज नुसतं पाणी शिंपडतेस."

महिनाभर असं सुखात गेलं. तिकडे मात्र चादरींचे ढीग साचले, ओल्या चादरींना वास सुटला, इस्पितळानं एक गाडी परत पाठवली. मालकानं आम्हाला गोळा केलं. "सोमवारपासून पुन्हा सहापर्यंत. नव्या दरानं, सगळ्या तासांचे. जिला जमत नसेल तिनं सांगावं, बाहेर रांग आहे."

बाकीच्या हसल्या. माझं तोंड उतरलं.

काम सोडते म्हणून घरी सांगितलं तर सासूबाई भडकल्या. "माझ्या अंघोळीपायी नोकरी सोडतेस? अक्कल गहाण टाकलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी मालकाला गाठलं. "इस्त्र्यांना वाफ देणारा बॉयलर तापायला दीड तास लागतो. तोवर नऊ जणी बसून असतात आणि आता बसल्याचेही नव्या दरानं द्यावे लागतात. मी दोन तास आधी येऊन तो चालू करते. चारला जाते."

"आणि एखाद दिवशी उशीर झाला तर?"

"तर रांगेतली घ्या."

त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "उद्यापासून ये."

"आता बाई इंजिनियर झाल्या!" मुकादमीण म्हणाली. पण पहिल्या दिवशी आल्या आल्या इस्त्र्या तापलेल्या मिळाल्या, तेव्हा तीच मला चहा घेऊन आली.

पगारही वाढला आणि चारचं ऊनही राहिलं. सासूबाई रोज कुरकुरायच्या, पाणी फार गरम, साबण फार थोडा, आणि साडेतीनपासून दाराकडे बघत बसायच्या.

त्यानंतर चौथ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, एका मंगळवारी सकाळी सासूबाई वारल्या. त्या दिवशीही चारला मागच्या दारी ऊन होतं.